जिन्यातली पंचवीस मिनिटं

"बोट चौदा तारखेला सुटते," थोरला म्हणाला आणि ट्रॅव्हल कंपनीचा कागद त्याने जेवणाच्या टेबलावर मधोमध सरकवला. "संध्याकाळी पाचला. हे बघा, छापलंय."

"आणि आपण उतरतोय दहाला," मधली म्हणाली.

"दहाला सकाळी," धाकट्या काट्याने दुरुस्ती केली. विमानाची तिकिटं त्यानेच काढली होती.

"म्हणजे चार दिवस." वहिनीने चहाचे कप खाली ठेवले. "चार दिवस बंदरावर बसून काय करायचं? रिकाम्या धक्क्याकडे बघायचं?"

कुणी हसलं नाही. चूक कशी झाली असणार हे प्रत्येकाला आतल्या आत कळलं होतं आणि प्रत्येकजण दुसऱ्याने आधी कबूल करावं म्हणून चहा फुंकत होता.

या घरात खरी वेळ कुणी कुणाला सांगत नसे. खाली दुकान, वर घर, मध्ये बारा पायऱ्यांचा लाकडी जिना. खाली दुकानातली चाळीसेक घड्याळं सेकंदाला सेकंद बरोबर चालत. जिना चढून वर आलं की बैठकीतलं भिंतीवरचं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे. बाबांनी ते तसं लावलं होतं आणि मुलांच्या जन्माआधीपासून तसंच ठेवलं होतं. लहानपणी शाळेला निघताना मधली वर सव्वासातला बूट घालायची आणि खाली उतरली की सात वाजायला दहा मिनिटं असायची. जिन्यात पंचवीस मिनिटं सापडतात, असं ती मैत्रिणींना सांगत असे, आणि मैत्रिणींना तो जिना बघायचा असे.

घड्याळाची सवय माणसांच्या तोंडी उतरायला वेळ लागला नाही. जेवायला एकला बोलवायचं असेल तर साडेबारा सांगायचं. लग्न दहाचं असेल तर साडेनवाचं म्हणायचं. ऐकणाराही याच घरातला असल्यामुळे तो मनात काय ते वजा करून घेई, म्हणून सांगणारा पुढच्या वेळी आणखी थोडं वाढवी. अशा रीतीने हे कुटुंब कुठेही वेळेवर पोचत नसे. कधी तासभर आधी, कधी अर्धा तास उशिरा, पण एकत्र कधीच नाही.

"मी तेरा सांगितली होती," थोरला शेवटी म्हणाला. "एक दिवस हाताशी असावा म्हणून."

"मी काट्याला बारा सांगितली," मधलीने कबूल केलं. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि सगळ्या शाळेचं वेळापत्रक तीच बनवायची. तिथे एक तास इकडचा तिकडे होत नसे. घरी आलं की मात्र तिचीही जीभ आपोआप एक दिवस मागे सरकायची.

"आणि मी म्हटलं, बोट बाराची तर अकराला पोचायला हवं," काट्या म्हणाला. बाबांनी त्याला सेकंदकाटा म्हणायला सुरुवात केली होती, एका जागी ठरत नाही म्हणून. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ही तिकिटंही त्याने एका अकरा मजली इमारतीच्या मशीनरूममध्ये उकिडवं बसून फोनवर काढली होती.

"हे झाले तीन दिवस," वहिनी म्हणाली. ती औषधांच्या दुकानात होती. गोळ्यांचा हिशेब तिचा कधी चुकत नसे, तर दिवसांचा काय चुकणार! "चौथा कुठून आला?"

काट्याने डोकं खाजवलं. "आला असेल कुठूनतरी. घोळात घोळ."

"तिकिटं बदलता येतील?"

"नाही येत. विचारलं मी."

आई या सगळ्यात नव्हती. ती पाठमोरी उभी राहून भिंतीवरच्या घड्याळाला चावी देत होती. आज रविवार, चावीचा दिवस. बाबांनी ते घड्याळ तिच्या खांद्याच्या उंचीवर लावलं होतं, म्हणजे तिला स्टूल लागू नये. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, पण या घड्याळाला अजून तिच्याशिवाय कुणी हात लावत नसे. बाबा असतानाही लावत नव्हतंच. थोरला खाली गावभरची घड्याळं उघडायचा, पण हे एक त्याला बाबांनी कधी उघडू दिलं नाही. 'ते राहू दे,' एवढंच म्हणायचे.

"आई, ऐकतेयस ना?" मधलीने विचारलं. "तुझ्या पंचाहत्तरीची सहल आहे, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून चार दिवसांचा गोंधळ घातलाय."

"ऐकतेय," आई म्हणाली. "नऊ, दहा..." ती चावीचे फेरे मोजत होती.

मग गाडी रुळावर आली, म्हणजे भांडण सुरू झालं. चार दिवस फुकट मिळाले आहेत तर बोटीच्या आधी आसपासचं काही पाहून घ्यावं, इथपर्यंत सगळे एक होते. पुढे चौघांची चार तोंडं झाली. ट्रॅव्हल कंपनीचं रंगीत पुस्तक हातोहात फिरू लागलं. गरम प्रदेशातलं ते बंदर, मागे हिरवे डोंगर, त्यात कंपनीने आखून दिलेल्या एकेक दिवसाच्या सहली.

"धबधबा," वहिनी म्हणाली आणि पुस्तकातल्या एका पानावर बोट ठेवून बसली. बोट उचललं तर पान कुणीतरी उलटेल अशी तिला भीती होती. "खाली तळं आहे. पोहता येतं. मी अठरा वर्षांत एकदाही सुट्टी घेतलेली नाही, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि मला आत्ता परत सांगायचं नाहीये."

"सांगितलंस की," थोरला म्हणाला.

"मी वहिनींच्या बाजूने," काट्याने लगेच पक्ष घेतला. "धबधबा आणि ज्वालामुखी एकाच रस्त्यावर आहेत. जीप थेट तोंडापर्यंत जाते."

"कुणाच्या तोंडापर्यंत?" मधली म्हणाली. "आईचा गुडघा बघ आणि मग जीपचं बोल. वनस्पती उद्यान आहे, तिथे सगळीकडे बाकं आहेत. दादा, तू बोल ना."

थोरला मात्र भलतंच बोलला. "तुम्ही जा. मी तेराला येतो. दुकान इतके दिवस बंद ठेवायचं म्हणजे..."

"बघा!" वहिनीने पानावरचं बोट उचललं. "मला वाटलंच होतं."

"अगं, लोकांची घड्याळं अडकून पडतात."

"लोकांची घड्याळं! आणि मी? तुमच्या या भिंतीवरच्या घड्याळापायी मी लग्न होऊन आले तेव्हापासून पंचवीस मिनिटं आधी उठतेय. त्याची सगळी बेरीज केली तर मला एक वर्षाची झोप येणं आहे."

मधली नकळत हसली आणि वहिनीनेही तिच्याकडे पाहून ओठ दाबले. त्या एका क्षणात मधलीचं उद्यान आणि वहिनीचा धबधबा यांच्यात तह झाला. एक दिवस हा, एक दिवस तो. थोरल्याला एकटं पाडायचं हे दोघींनी न बोलताच ठरवून टाकलं. काट्या ज्वालामुखी घेऊन मध्ये लटकत राहिला.

"मला एक दिवस हवाय," आई म्हणाली.

तिने चावी घड्याळाच्या खणात ठेवली, काचेचं दार लावलं आणि येऊन आपल्या खुर्चीवर बसली. तीन महिन्यांपूर्वी तिच्यापुढे तीन बोटींची पुस्तकं ठेवली होती, तेव्हा ही बोट निवडण्यापलीकडे या सहलीत तिने काही मागितलं नव्हतं.

"माग की," मधली म्हणाली. "तुझीच सहल आहे."

आईने एका गावाचं नाव घेतलं. बंदरापासून वर डोंगरात, अडीच तासांवर.

काट्याने फोनमध्ये शोधलं. "आहे. एक बाजार, एक बंद पडलेली कापडगिरणी, एक बसस्टँड. कुणीतरी लिहिलंय..." तो वाचून दाखवू लागला. "'पाहण्यासारखं काही नाही. चहा बरा.'"

"आई, कुणी सांगितलं तुला या गावाचं?" थोरल्याने विचारलं. "पुस्तकात तर नाहीये."

"पुस्तकात कशाला असेल!"

"अडीच तास जायला, अडीच यायला, घाटाचा रस्ता. तुझ्या गुडघ्याचं काय होईल? डॉक्टर काय म्हणाले होते?"

"आणि तिथे आहे काय?" काट्या म्हणाला.

मधलीच्या लक्षात आलं की आईचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांना घट्ट धरून आहेत. आईला असं बसलेलं तिने एकदाच पाहिलं होतं, बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी, बाहेरच्या बाकावर.

"तुमची मावशी आहे," आई म्हणाली.

मावशी होती हे सगळ्यांना माहीत होतं. ती लांब असते, लग्नानंतर बोटीने गेली ती गेली, एवढंच. आजी वारली तेव्हा तिचं चार ओळींचं पत्र आलं होतं. आईने चार ओळींचंच उत्तर दिलं होतं. दोघी बहिणींचं काहीतरी बिनसलंय हे मुलांनी न विचारता मानून घेतलं होतं. कुणाच्या घरात एखादी खोली बंद असते, तशी यांच्या घरात मावशी होती.

"तिच्या मुलाचं पत्र आलं थंडीत," आई म्हणाली. "तिचे डोळे गेले. बाकी बरी आहे. ऐकू नीट येतं."

"मग फोन कर ना, आई," काट्या म्हणाला. "आत्ता लावून देतो."

"फोनवर नाही होणार ते."

"काय नाही होणार?"

आईने थोरल्याकडे पाहिलं. बाकी कुणाकडे नाही, त्याच्याकडेच, आणि मधलीला कळलं की जे काही येतंय ते त्याला लागणार आहे.

"ती गेली त्याच्या आदल्या आठवड्यात आमचं भांडण झालं," आई म्हणाली. "आई आजारी, आणि ही नवऱ्याबरोबर निघाली दर्यापार. मी म्हटलं, जा, मी तुला पोचवायला येणार नाही. बावीस वर्षांची होते, तोंडाला येईल ते बोलले. ती निघायच्या आदल्या रात्री झोप नाही. सकाळी तुमच्या बाबांना म्हटलं, मला जायचंय. बोट नवाला होती. आम्ही या घड्याळात पाहिलं आणि निघालो. धक्क्यावर पोचलो तर तिथल्या घड्याळात नऊ पंचवीस. बोट पाठमोरी दिसत होती. माणसं काही ओळखू येत नव्हती."

"पण घड्याळ..." मधली म्हणाली आणि थांबली.

"घड्याळ पंचवीस मिनिटं मागे होतं. आदल्या रविवारी चावी द्यायची राहिली. त्यांना तेव्हा नुकतंच मनोऱ्यावरच्या घड्याळाचं काम मिळालं होतं, दिवसरात्र तिकडेच. पहाटे उठून पाहिलं तर हे बंद. त्यांनी चावी दिली आणि अंदाजाने लावलं. खाली जाऊन दुकानातल्या घड्याळाशी ताडून पाहायचा कंटाळा केला. बारा पायऱ्यांचा."

"शक्य नाही," थोरला म्हणाला.

तो मोठ्याने बोलला नव्हता, तरी वहिनीने त्याच्याकडे चमकून पाहिलं.

"बाबा अंदाजाने घड्याळ लावतील? बाबा? आई, तू काहीतरी उलटसुलट आठवतेयस. आणि मनगटावर घड्याळ नव्हतं का त्यांच्या?"

"दुसऱ्यांची दुरुस्त करणाऱ्याचं स्वतःचं कुठे चालू असतं? टेबलावर उघडं पडलेलं होतं."

"मग मावशीला लिहायचंस तेव्हाच! की आले होते, उशीर झाला."

"काय लिहू? घड्याळजीच्या घरचं घड्याळ चुकलं म्हणून? तिच्या सासरचे लोक रोज आपल्या दुकानावरून जायचे. दुकान उघडून चार महिने झाले होते. तुझे बाबा परत येताना रस्त्यात मला म्हणाले, हे कुणाला सांगू नकोस. मी म्हटलं, नाही सांगणार. ते होते तोवर नाही सांगितलं. त्रेपन्न वर्षं ती समजून चाललीय की मी रागाने आलेच नाही." आईने पदराने नाक पुसलं आणि ती पुन्हा नीट बसली. "म्हणून हे पुढे लावलं त्यांनी, त्याच दिवशी घरी येऊन. बरोबर पंचवीस मिनिटं. तुम्हांला वाटायचं, शाळेसाठी आहे."

"आतल्या फळीवर लिहिलंय त्यांनी," आई म्हणाली. "उघडून बघ हवं तर."

थोरला उठला. सगळ्यांना वाटलं घड्याळाकडे जाईल, पण तो दाराकडे वळला आणि धडधड जिना उतरून खाली गेला.

"जाऊ दे त्याला," आई म्हणाली. "माझ्या दिवसाचं राहू दे. तुम्ही धबधबा बघा."

"धबधबा कुठे पळून चाललाय?" वहिनी एकदम म्हणाली. तिने रंगीत पुस्तक मिटलं आणि बाजूला ठेवलं. "आई, पहिला दिवस तुमचा. कुणी येवो न येवो, मी येते तुमच्याबरोबर. गोळ्या, पट्टा, गरम पाण्याची पिशवी, सगळं घेते. गुडघ्याचं मी बघते."

आईने तिच्या हातावर हात ठेवला. या दोघींचं अठरा वर्षांत कधी फार जमलं होतं असं नाही, आणि भांडणही कधी झालं नव्हतं. एकमेकींना त्या जपून वापरत आल्या होत्या. मधलीला ते दृश्य बघवेना आणि सोडवेनाही. ती उठून थोरल्याच्या मागे गेली.

दुकानाचं शटर रविवारमुळे खाली होतं. थोरला बाबांच्या टेबलाशी, दिवा न लावता बसला होता. समोर भिंग, चिमटे, कुणाच्यातरी घड्याळाची उघडी पाठ. भिंतीवरची सगळी घड्याळं एकसुरात चालू होती. मधलीने पाहिलं, दहा सत्तावन्न. वर अकरा बावीस झाले असणार.

"बोर्ड मागच्याच महिन्यात रंगवून घेतला," थोरला म्हणाला. "काय लिहिलंय त्यावर?"

मधलीला पाठ होतं. दुकानाच्या नावाखाली, लाल अक्षरात: येथे अंदाज चालत नाही.

"मी सोळा वर्षांचा होतो," थोरला म्हणाला. "एका बाईंचं घड्याळ मी असंच लावून दिलं, एखादं मिनिट इकडेतिकडे. बाबा त्या बाईंच्या मागे बसस्टॉपपर्यंत धावत गेले. परत आले आणि माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. चार दिवस, ताई!" तो तिला ताई फक्त फार वाईट वाटलेलं असलं की म्हणायचा. ती त्याच्याहून तीन वर्षांनी लहान होती. "आणि हे? हे त्यांनीच केलेलं?"

"म्हणूनच धावले असतील."

"आणि आईला गप्प बसवलं. दुकानासाठी. मी या दुकानात तीस वर्षं बसलोय आणि मला वाटायचं..." त्याने हात हवेत फिरवला. काय वाटायचं ते त्याला सांगता येईना.

मधलीला बाबांचा राग आला, मग बाबांची कणव आली. दोन्ही एकदम आली आणि तिला दोन्हींचं काय करावं कळेना. एक माणूस पन्नास वर्षं रोज सकाळी डोळे उघडल्यावर आपली चूक भिंतीवर बघत होता. बायकोही तेच बघत होती. आणि पोरं त्या चुकीखाली दूध पिऊन, केस विंचरून शाळेला पळत होती.

"खोटं असेल का, ताई?" थोरल्याने विचारलं. "आईचं वय झालंय."

"वर जाऊन उघडून बघ. इथे बसून अंदाज कशाला करतोस?"

त्याने खणातून लहान पेचकस काढला, आणि टेबलावरचं ते घड्याळ उचललं ज्याच्याशी दुकानातली बाकी सगळी ताडून पाहिली जात. ते हातात धरून तो जिना चढू लागला. कधी नव्हे तो सावकाश, एकेक पायरी.

वर कुणी जागचं हललं नव्हतं. थोरल्याने आईला विचारलं, "उघडू?" आईने मान हलवली.

त्याने काचेचं दार उघडलं. लंबकाच्या मागची पातळ फळी दोन स्क्रूंवर होती. ती त्याने लंबकाला धक्का न लावता अलगद सोडवली आणि खिडकीकडे नेऊन उलटी केली. घड्याळजी लोक दुरुस्त केलेल्या घड्याळात कुठेतरी आत तारीख कोरून ठेवतात. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, पुढच्या कारागिराला दिसते. फळीवर तशी एकच तारीख होती आणि तिच्याखाली बाबांच्या बारीक, ठसठशीत अक्षरात दोन शब्द.

"अंदाजाने लावलं," थोरल्याने वाचलं.

त्याने फळी परत बसवली, दोन्ही स्क्रू आवळले आणि शर्टाच्या बाहीला डोळे पुसले. तिथे चार माणसं बघत होती, पण त्याने लपवलं नाही.

"दहाला उतरलं की सरळ वर जायचं," तो म्हणाला. "मी चालवतो गाडी. भाड्याचा ड्रायव्हर घाटात कसा चालवेल काय सांगावं. दुकान बंद राहील."

वहिनीने त्याचा गार झालेला चहा उचलून नेला आणि दुसरा आणून ठेवला.

"आई," थोरला म्हणाला, "हे आता बरोबर लावू?"

आईने घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "लाव."

काट्या पुढे झाला. "थांब, मी काटे मागे फिरवतो."

"हात लावू नकोस!" थोरला आणि आई एकदमच ओरडले.

"टोल्यांचं घड्याळ आहे," थोरल्याने समजावलं. "उलटं फिरवायचं नसतं, आतले दाते बिघडतात. पुढे असलेलं घड्याळ बंद करायचं आणि खरी वेळ तिथवर येईपर्यंत थांबायचं."

"किती थांबायचं?"

"पंचवीस मिनिटं."

त्याने बोटाने लंबक धरला. टकटक थांबली. तबकडीवर अकरा पस्तीस झाले होते. दुकानातून आणलेलं घड्याळ त्याने टेबलावर कपांच्या मध्ये ठेवलं. त्यात अकरा दहा.

एवढी शांतता या खोलीत कधी झाली नव्हती. पहिली पाच मिनिटं सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं. काट्याने पाय हलवले, मग फोन काढला, मग स्वतःचीच लाज वाटून तो खिशात ठेवला. मधलीने वहीत दिवस आखले: दहा, मावशी. अकरा, विश्रांती आणि गुडघा. बारा, धबधबा. तेरा, उद्यान, आणि ज्याला ज्वालामुखीच्या तोंडात जायचंय त्याने पहाटे जाऊन दुपारपर्यंत परत यावं. चौदा, बोट. वहिनीने वाचून मान डोलावली.

"पण मला एक सांगा," वहिनी म्हणाली. "चौथा दिवस कुठून आला?"

काट्या आठवत होता. अचानक त्याने मान वर केली. "आई, मी तिकिटं काढत होतो तेव्हा तुझा फोन आला होता."

आई साडीच्या निऱ्या सारख्या करू लागली.

"मी म्हटलं, अकराचं काढतोय. तू म्हणालीस, अकरा नको, दहाचं बघ. मी विचारलं का, तर म्हणालीस, एक दिवस हाताशी असलेला बरा."

"मग? बराच ना!" आई म्हणाली. "मला बोटीची खरी तारीख ठाऊक होती. पुस्तक मीच निवडलं होतं, वाचूनच निवडलं. तुम्ही एकमेकांना तेरा, बारा, अकरा करत निघालात, म्हटलं करू दे. पण तीन दिवसांत तीन भावंडांच्या तीन सहली बसल्या असत्या, माझी कुठे बसणार? म्हणून चौथा मी घातला."

वहिनी आधी हसली, मग मधली, मग सगळेच. थोरला हसता हसता परत डोळे पुसू लागला. आई मात्र हसली नाही. हसणं ओसरायची वाट बघत राहिली.

"मी काय बोलणार तिच्याशी, तेच ठरत नाहीये," ती म्हणाली. "तेव्हा धक्क्यावर जाताना सगळं ठरवलं होतं. रिक्षात बसून घोकत होते. आईची काळजी करू नकोस, मी आहे. पोचल्यावर लिही. रागावू नकोस. एवढंच होतं. आता आईही नाही आणि पोचल्याचंही काय लिहायचं."

"एवढंच बोल," मधली म्हणाली. "रागावू नकोस, एवढंच."

"तिला दिसायचं नाही मी कोण ते."

"आवाज ओळखेल, आई," वहिनी म्हणाली.

"त्रेपन्न वर्षांचा?"

टेबलावरचं घड्याळ चालत राहिलं. अकरा पंचवीस झाले, सव्वीस झाले. आई पापणीही न हलवता त्याच्याकडे बघत होती. मधलीला वाटलं, धक्क्यावर उभी राहून ती तेव्हा अशीच बघत राहिली असेल, बोट ठिपक्याएवढी होईपर्यंत, आणि शेजारी बाबा उभे असतील, मान खाली घालून. ती उठली आणि आईच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. लहानपणी बसायची तशी, गुडघ्याला टेकून, दुखऱ्या नव्हे, दुसऱ्या.

"झालंच," थोरला म्हणाला. "आई, इकडे ये."

त्याने तिला हाताला धरून उठवलं आणि घड्याळापुढे उभं केलं. स्वतः टेबलावर वाकला. "मी सांगितलं की लंबकाला हलकेच ढकल. आधी नको, नंतर नको."

आईने बोट पुढे नेऊन धरलं.

"आत्ता."

तिने ढकललं. टकटक सुरू झाली.

आईने तबकडीकडे पाहिलं आणि सवयीने पुटपुटली, "म्हणजे अकरा दहा."

"नाही, आई," थोरला म्हणाला. "अकरा पस्तीस. आता दिसतायत तेवढेच वाजलेत."

आईने हे मनात नीट बसवून घेतलं. मग ती काट्याकडे वळली.

"तिच्या मुलाचा नंबर पत्रात आहे. त्याला कळव, आम्ही येतोय म्हणून."

काट्याने फोन काढला. "काय लिहू? दहा तारखेला येतो लिहिलं आणि विमानाला उशीर झाला तर? नऊ लिहितो. नाहीतर अकराच लिहू का?"

"दहा लिही," आई म्हणाली. "दुपारी एकला लिही. मागेपुढे काही करू नकोस. ती दारात येऊन बसेल."